विकणाऱ्याला कोण विचारणार?

चांदूर बाजार, जि. अमरावती

प्रिय पीएमआय,

तुझं पूर्ण नाव पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्स. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी तू कारखान्यांचा आकडा सांगतोस, तिसऱ्या दिवशी सेवाक्षेत्राचा. पन्नासच्या वर गेलास तर धंदा वाढतोय, खाली आलास तर घटतोय. देशाचं उत्पन्न किती वाढलं वा घटलं हे सांगायला सरकारला तिमाही संपल्यावर दोन महिने लागतात. तू महिना संपता संपता सांगून मोकळा होतोस. अर्थव्यवस्था घसरणीला लागली की पहिली खबर तुझ्याकडूनच येते, म्हणून हे पत्र तुला.

मी ज्या तालुक्यात राहतो तिथली घरं संत्रा, कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालतात. शिरजगाव कसब्यापासून घाटलाडकीपर्यंत बगीचे आहेत, बाजार समिती आहे, कृषी केंद्रं आहेत, किराणा-कापडाची आणि सराफांची दुकानं आहेत. यातलं जवळजवळ काहीच तुझ्या यादीत नाही. मला बोलायचं आहे ते त्याबद्दल. पण आधी तुझ्याविषयी जे चांगलं वाटतं ते सांगतो, कारण ते मनापासून आहे आणि पुढची मागणी त्यावरच उभी आहे.

तुझी विचारायची रीत फार चांगली आहे. भारतातल्या सुमारे चारशे कारखान्यांकडे आणि तितक्याच सेवा कंपन्यांकडे दर महिन्याला प्रश्नावली जाते. त्यांना रुपये विचारले जात नाहीत. गेल्या महिन्यापेक्षा नव्या ऑर्डरी जास्त, तेवढ्याच, की कमी? उत्पादन? कामावरची माणसं? कच्च्या मालाचा साठा? माल पोहोचायला लागणारा वेळ? 'जास्त' म्हणणाऱ्यांची टक्केवारी घ्यायची, तिच्यात 'तेवढंच' म्हणणाऱ्यांची निम्मी टक्केवारी मिळवायची, की झाला आकडा. कारखान्यांच्या बाबतीत नव्या ऑर्डरींना ३० टक्के वजन, उत्पादनाला २५, रोजगाराला २०, माल पोहोचण्याच्या वेळेला १५ आणि साठ्याला १०. सेवांचा मुख्य आकडा तर एकाच प्रश्नावर उभा असतो: धंदा गेल्या महिन्यापेक्षा कसा होता?

आणि हे विचारायला खरेदी खात्याचा माणूस निवडला, यात मोठं शहाणपण आहे. पुढे माल खपणार नाही असं दिसलं की सर्वांत आधी सूत, पत्रा, रसायन यांची मागणी आखडते. वार्षिक अहवालात काय छापायचं हे ठरण्याच्या कितीतरी आधी त्या माणसाला कळलेलं असतं. अमेरिकेत अशी विचारणा १९३१ साली, महामंदी ऐन भरात असताना सुरू झाली. महायुद्धानंतर म्युनिकच्या इफो संस्थेने जर्मन कारखानदारांना दर महिन्याला असंच विचारायला घेतलं. आपल्याकडे कारखान्यांची विचारणा मार्च २००५ पासून आहे आणि सेवांची त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून.

तुझी खरी परीक्षा झाली ती करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये. मार्चमध्ये सेवांचा आकडा ४९.३ होता; एप्रिलमध्ये तो ५.४ झाला. कारखान्यांचा ५१.८ वरून २७.४. दोन्हींचा मिळून ७.२. युरो चलनाच्या देशांचा एकत्रित आकडा त्या महिन्यात १३.६ होता, म्हणजे ज्या इटली-स्पेनच्या बातम्या पाहून आपण हळहळत होतो, त्यांच्याहून आपली घसरण जास्त पसरलेली होती. पसरलेली हा शब्द मी जाणून वापरतो आहे. धंदा ५.४ टक्के उरला असा त्याचा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला, तो चूक. तू घसरणीची रुंदी सांगतोस, खोली नाही. 'जास्त' असं एकानेही सांगितलं नाही असं धरलं, तरी शंभरातल्या जवळपास नव्वदांनी 'कमी' म्हटल्याशिवाय ५.४ येत नाही. त्या नव्वदांपैकी कुणाचा धंदा दहा टक्क्यांनी घटला आणि कुणाचं शटरच कायमचं खाली आलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

कारखान्यांच्या २७.४ मध्ये आणखी एक गोष्ट दडली होती. माल पोहोचायला उशीर होऊ लागला तर बाजारात मागणी जोरात आहे असं तू मानतोस, आणि एरवी ते बरोबरच असतं. एप्रिल २०२० मध्ये उशीर होत होता तो नाके बंद होते म्हणून, ट्रक ढाब्यांवर अडकले होते म्हणून. तरी त्या उशिराने तुझा आकडा वर ओढला. खरी अवस्था २७.४ हून वाईट होती.

एवढं धरूनही तू वेळेवर बोललास. एप्रिलचे आकडे मेच्या पहिल्या आठवड्यात आले. सरकारचा एप्रिल-जून तिमाहीचा आकडा, उणे २३.९ टक्के, ३१ ऑगस्टला आला. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्या मासिकातल्या लेखाने सांगितलं की देश इतिहासात पहिल्यांदाच तांत्रिक मंदीत, म्हणजे सलग दोन तिमाहींच्या घसरणीत, गेला आहे, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला जुलै-सप्टेंबरचा उणे ७.५ टक्क्यांचा आकडा जाहीर होऊन त्यावर शिक्का बसला. तोवर तू वर चढायला लागला होतास. कारखान्यांचा आकडा ऑगस्टमध्ये ५२ आणि सप्टेंबरमध्ये ५६.८ होता. उत्पन्न साडेसात टक्क्यांनी घटलं आणि तू म्हणतोस वाढ, मग खरं कोण? दोघंही. सरकार गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करतं, तू गेल्या महिन्याशी. विहिरीत पडलेला माणूस दोन पायऱ्या वर आला तर तू 'वर आला' म्हणणार, आणि काठावरून मोजणारा 'अजून आतच आहे' म्हणणार. तुझा आकडा वाचताना ही गोष्ट जो विसरेल तो फसेल.

आता त्याच उन्हाळ्यातला वऱ्हाड पाहा. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा कितीतरी घरांत कापूस पडून होता. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) आणि पणन महासंघाची खरेदी थांबली. पुन्हा सुरू झाली ती नोंदणी, टोकन आणि दिवसाला मोजक्या गाड्या अशी. मृग बाराचा (पावसाळ्यातल्या बहराचा) संत्रा तोडणीवर होता आणि न्यायचा कुठे हेच कळत नव्हतं. जूनची पेरणी तोंडावर आलेली, बियाण्या-खताला पैसा पाहिजे, आणि पैसा घरातल्या कापसाच्या ढिगात अडकलेला.

३१ ऑगस्टला जाहीर झालेल्या आकड्यांत बांधकाम ५०.३ टक्क्यांनी घटलं होतं, व्यापार-हॉटेल-वाहतूक ४७ टक्क्यांनी, कारखानदारी ३९.३ टक्क्यांनी. एकटी शेती ३.४ टक्क्यांनी वाढली होती. शेतीने देशाला तारलं असं तेव्हा सगळीकडे छापून आलं, आणि पिकवणाऱ्याने धान्य पिकवलं हे खरंच आहे. पण ही वाढ स्थिर किमती धरून मोजलेल्या उत्पादनाची असते. रब्बीचं पीक चांगलं आलं की शेती वाढली. माल कोणत्या भावाने गेला, चुकारा कधी हातात पडला, तोवर किती घरांतलं सोनं गहाण पडलं, हे त्या ३.४ मध्ये नाही. आणि तुझ्यात तर शेतीच नाही. सेवाक्षेत्रातही तू किरकोळ विक्री वगळतोस. म्हणजे बगीचेवाला तुझ्या बाहेर, आणि तो ज्या किराणा दुकानात उधारी करतो तो दुकानदारही बाहेर.

तू मोजत नसशील तर दुसरं कुणी मोजत असेल, असं समजून गप्प राहता आलं असतं. पण तिमाही उत्पन्नाचा अंदाज बांधताना लहान, असंघटित धंद्यांची ताजी माहिती वर्षानुवर्षं हाताशी नव्हती, म्हणून बऱ्याच ठिकाणी नोंदणीकृत कंपन्यांच्या चालीवरून त्यांची चाल धरली जात आली. मोठा चालला तर लहानही चालला असेल, हे त्यामागचं गृहीत. ते नेमकं कधी मोडतं हे नोव्हेंबर २०१६ ने दाखवलं. नोटा रद्द झाल्या तेव्हा वऱ्हाडात कापसाची आवक सुरू झाली होती. खेडा खरेदी रोखीवर चालते, वेचणीची मजुरी रोखीने देतात. जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला आठवडाभरातच मनाई झाली, आणि आमच्याकडच्या बहुतेक शेतकऱ्यांची खाती तिथेच. तुझा सेवांचा आकडा ५४.५ वरून ४६.७ वर आला खरा, पण कारखान्यांचा त्या महिन्यातही ५२.३ होता, पन्नासच्या वर. तो खाली उतरला डिसेंबरमध्ये, ४९.६. आणि पुढे सरकारने २०१६-१७ ची वाढ सुधारून ८ टक्क्यांच्याही वर नेली. त्या वर्षी वेचणीच्या मजुरीपायी ज्यांनी बाजारात पडेल त्या भावाने कापूस घातला, त्यांनी तो आकडा वाचला तर काय समजावं?

तुझ्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे: तू कधी म्हणाला नाहीस की मी सगळ्या देशाचा आरसा आहे. तू कंपन्यांचा आहेस आणि तसं सांगतोस. वाचणारेच तुला देशाची नाडी समजून बसतात, कारण इतक्या लवकर बोलणारं दुसरं कुणी नाही.

पण मला खटकतं ते याहून खोल आहे. तू खरेदी करणाऱ्याचा निर्देशांक आहेस आणि आम्ही विकणारे. आमच्या कापसाचा भाव पडतो तेव्हा गिरणीचा खरेदी व्यवस्थापक तुझ्या प्रश्नावलीत काय लिहील? कच्चा माल स्वस्त झाला. तो उपप्रश्न मुख्य आकड्यात धरला जात नाही हे मला माहीत आहे, तरी त्या महिन्याच्या अहवालात तो उत्पादन खर्चाचा ताण कमी झाल्याची चांगली बातमी म्हणूनच येईल. आमची मंदी तिकडे दिलासा म्हणून नोंदली जाते.

ऑगस्ट २०२५ घे. कारखान्यांचा आकडा ५९.३, सतरा वर्षांतला सर्वांत चढा. सेवांचा ६२.९. त्याच ऑगस्टच्या १९ तारखेपासून केंद्राने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उचललं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत वर्षअखेरीपर्यंत वाढवली, म्हणजे आमच्या नव्या कापसाची पहिली आवक तिच्यात पूर्ण सापडली. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने कापड निर्यातदार अडचणीत होते, त्यांना स्वस्त रुई पाहिजे होती. त्यांची गरज खोटी नव्हती. पण लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर असताना खाजगी खरेदीत भाव त्याच्या बराच खाली राहिला, आणि ज्यांना सीसीआयच्या नोंदणीपर्यंत थांबायला दम नव्हता त्यांनी तो पत्करला. त्याआधीच्या वर्षी सोयाबीनचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ होता, बाजारात त्याहून शेकड्यांनी कमी मिळत होते. तुझे आकडे: कारखान्यांचा ५७.५ आणि सेवांचा ५८.५. संत्र्याचं दुखणं तर सीमेपलीकडून आलं. बांगलादेशाने २०१९ पासून आयात शुल्क वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ टकांवर नेलं; टका हे तिकडचं चलन. गाड्या थांबल्या, माल देशातच राहिला, भाव बसले, आणि शेवटी राज्य सरकारला निम्म्या शुल्काइतकं अनुदान जाहीर करावं लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कारखान्यांचा आकडा ५६ होता.

मोजणी नेहमी खरेदीदाराच्या गरजेने व्हावी, हे वऱ्हाडात आज सुरू झालेलं नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर इकडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. युद्ध १८६५ साली संपलं, अमेरिकेचा कापूस परतला, भाव कोसळले आणि मुंबईत बँका बुडाल्या. त्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. पेरा किती, गाठी किती, कुठल्या बाजारातून कुठे गेल्या, याचे त्याचे अहवाल तपशीलवार आहेत. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला तो कापसासाठीच. इथली गाठ अन् गाठ मोजली जात होती, कारण लँकाशायरला ते कळणं गरजेचं होतं. पेरणाऱ्याचा हंगाम कसा गेला, हा प्रश्न त्या कामाचा भाग नव्हता.

बंद पडलेल्यालाही असंच कुणी विचारत नाही. एनटीसीच्या (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्या मार्च २०२० मध्ये थांबल्या, त्यांत इथून जवळच्या अचलपूरची फिनले मिलही होती. ती तुझ्या चारशेत होती का, हा माझा प्रश्न नाही. बंद पडलेला कारखाना पुढच्या महिन्यात 'कमी' असं उत्तर देत नाही. त्याची जागा चालू असलेला दुसरा घेतो, आणि विचारणा पुढे जाते.

आता मागणी. तुझी रीत आम्हाला पाहिजे, तुझी यादी नको. चांदूर बाजारातही सर्वांआधी कळणारी माणसं आहेत. बगीच्याचा सौदा झाला, व्यापारी विसार देऊन गेला, आणि तोडीची तारीख उलटली तरी गाडी आली नाही, की बगीचेवाल्याला दिल्लीच्या आधी कळतं. कृषी केंद्रवाल्याला कळतं, खताच्या बॅगा कोण नगदी नेतो आणि 'कापसावर देतो' म्हणणारे किती वाढले. जिनिंगवाल्याला आवकेवरून कळतं, सरकी-ढेपेच्या उठावावरून कळतं. हमालाला कळतं, कारण त्याची मजुरी पोत्यांवर आहे. सराफाला कळतं की मोडायला आणि गहाण ठेवायला येणारे किती, घडवायला येणारे किती. ट्रॅक्टरचे हप्ते वसूल करणाऱ्याला कळतं, शिंप्याला पोळा-दिवाळीच्या आधीच कळतं. एक कापड दुकानदार मला म्हणाला, "गिऱ्हाईक येते, पाह्यते, हात लावते अन् जाते. हे मी कोणाले सांगू?" हा 'कोणाले' मला महत्त्वाचा वाटतो.

त्याला त्याची उलाढाल विचारली तर तो सांगणार नाही. कराची भीती, शेजारच्या दुकानदाराची भीती. पण जास्त, तेवढंच, की कमी, एवढं तो चहा येईपर्यंत सांगेल. तुझा प्रश्न इथे चालण्यासारखा आहे तो यामुळे.

फेरफार मात्र करावा लागेल. इथे गेल्या महिन्याशी तुलना करून भागणार नाही. जूनमध्ये कृषी केंद्रात उभं राहायला जागा नसते आणि ऑगस्टमध्ये माशा मारतात. कापूस आणि आंबिया बाराचा (आंब्याच्या मोहोरावेळच्या बहराचा) संत्रा येतो तेव्हा पेठ भरते, चैत्रात ओसरते. तुझ्याकडे वर्षानुवर्षांचे आकडे आहेत, त्यातून तू ऋतूंचा चढउतार वजा करतोस. आमच्याकडे तेवढं मागचं काही नाही. म्हणून पहिली काही वर्षं तरी 'गेल्या वर्षी याच महिन्यात होता त्यापेक्षा' असंच विचारावं लागेल, आणि सोबत दुसरा प्रश्न: उधारी वाढली की कमी झाली? आमच्या भागात मंदी आधी उधारीच्या वहीत येते, गल्ल्यात मागाहून.

थोडी हालचाल झालेली आहे, ती नाकारू नये. असंघटित धंद्यांच्या सरकारी पाहणीने २०२३-२४ मध्ये देशात ७ कोटी ३४ लाख लहान धंदे आणि त्यांत १२ कोटींवर काम करणारी माणसं मोजली, आणि जानेवारी २०२५ पासून तिचे तिमाही आकडेही येऊ लागले आहेत. शेती त्यात नाही. नाबार्डने सप्टेंबर २०२४ पासून दर दोन महिन्यांनी ग्रामीण घरांना उत्पन्न-खर्चाबद्दल विचारायला सुरुवात केली आहे. ही दोन्ही कामं मोलाची आहेत, पण ती देशाचं चित्र देतात. वरुड-मोर्शी-चांदूर बाजारच्या संत्रा पट्ट्यात या महिन्यात काय चाललं आहे, हे त्यांतून कळत नाही, आणि पीककर्जाची वसुली लांबवायची की नाही, खरेदी केंद्र कधी उघडायचं, हे निर्णय जिल्ह्यात आणि महिन्यात घ्यावे लागतात.

राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन ते काढतंच. त्याच कार्यालयाने तालुकानिहाय साठ-सत्तर माणसांची यादी करावी: अडते, कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, हमालांचे मुकादम, सराफ, किराणावाले, रोपवाटिकावाले, आणि निम्मे तरी बगीचेवाले व कोरडवाहू शेतकरी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोनवर चार प्रश्न. नावं गुप्त. अमरावती विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हे काम होईल, त्यांना शिकायलाही मिळेल. आकडा बाजार समितीच्या फलकावर भावांच्या शेजारी लिहावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर तो तुझ्या आकड्यासोबत पहिल्या तारखेला पडावा. दोन्ही आकडे एकाच दिशेला गेले तर ठीक. तू ५९ वर आणि तो ३५ वर असेल, तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

सुरुवात सप्टेंबरपासून केलेली बरी. सोयाबीन निघायच्या आधीचा हा महिना हातात पैसा नसण्याचा असतो, आणि आंबिया बाराचे सौदे तेव्हाच ठरत असतात, म्हणून पहिल्याच फेरीत उत्तरं मोकळी मिळतील. यादीसाठी नावं सुचवायला आणि पहिल्या महिन्याचे फोन लावायला मी तयार आहे.

तुझा नियमित वाचक,
चांदूर बाजारचा एक रहिवासी